एरर देतंय कोण? अपाचे सर्व्हर सोर्समधून बांधताना

अपाचे वेब सर्व्हर (वेबसाइटची पानं ब्राउझरला पाठवणारा प्रोग्रॅम) सोर्स कोडमधून कंपाइल करायला, म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बांधायला, बसलेला माणूस बहुतेक वेळा एकाच जागी अडकतो. स्क्रीनवरून शेकडो ओळी भराभर सरकतात, शेवटी 'एरर १' असं काहीतरी उमटतं आणि सगळं थांबतं. मग ती शेवटची ओळ कॉपी करून गूगलमध्ये टाकायची. उत्तरं दहा मिळतात आणि दहाही वेगळी. त्यातली तीन-चार करून बघेपर्यंत मूळ अडचण बाजूला राहते आणि आपणच केलेल्या बदलांमुळे नव्या अडचणी उभ्या राहतात.

माझं सांगणं असं की, एररचा अर्थ लावण्याआधी ती कोणी दिली ते ओळखा. सोर्स कोडची फाइल उघडल्यापासून ब्राउझरमध्ये पान दिसेपर्यंत हे काम अनेकांच्या हातून जातं. आधी कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट, मग कोडचा मशीन कोड करणारा कंपायलर, तयार तुकडे एकमेकांना जोडणारा लिंकर, चालवताना लागणाऱ्या लायब्ररी (तयार फंक्शनचे संच) मेमरीत आणणारा लोडर, मग अपाचेमधला सेटिंग वाचणारा भाग, आणि या सगळ्यांच्या खाली लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. यातल्या प्रत्येकाला फक्त आपल्यापुरतं दिसतं आणि तो तेवढंच बोलतो. लिंकरची तक्रार घेऊन सेटिंगच्या फायली चाळत बसलात तर रात्र जाईल, हाती काही लागणार नाही.

त्याआधी एक गोष्ट. तुम्हाला खरंच कंपाइल करायचं आहे का? उबंटू, डेबियन, रेड हॅट या सगळ्या लिनक्स डिस्ट्रिब्युशनकडे अपाचे तयार पॅकेज म्हणून मिळतं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही आपोआप येत राहतात. एखादं खास मॉड्यूल (अपाचेला जोडायचा जादा भाग) हवं आहे, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची ठरावीक आवृत्ती हवी आहे, किंवा आत काय चालतं ते शिकायचं आहे, अशी कारणं असतील तर जरूर करा. 'सोर्समधून केलं की फास्ट चालतं' हे कारण मला कधीच पटलेलं नाही.

कॉन्फिगर काय शोधतं?

कॉन्फिगर ही स्क्रिप्ट काहीही बांधत नाही. ती तुमच्या मशीनची झडती घेते. सी कंपायलर आहे का, लागणाऱ्या लायब्ररी कुठे आहेत, कोणती मॉड्यूल बांधता येतील, हे ती तपासते आणि त्यावरून पुढच्या कामासाठी मेकफाइल, म्हणजे 'मेक' या बांधणीच्या साधनासाठीच्या सूचना, लिहून ठेवते. त्यामुळे इथे येणारी एरर जवळजवळ नेहमी 'अमुक गोष्ट सापडली नाही' याच प्रकारची असते.

अपाचे २.४ मध्ये सगळ्यात आधी भेटते ती 'एपीआर नॉट फाउंड'. एपीआर म्हणजे अपाचे पोर्टेबल रनटाइम. फायली, सॉकेट, मेमरी यांचं काम वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर एकाच पद्धतीने करता यावं म्हणून अपाचेने वेगळी काढलेली ही लायब्ररी. २.२ च्या काळात ती सोर्सच्या सोबतच यायची, २.४ पासून ती वेगळी घ्यावी लागते. जुनी ट्युटोरियल वाचून काम करणारे इथेच अडखळतात. उपाय दोन आहेत. डिस्ट्रिब्युशनचं एपीआरचं डेव्हलपमेंट पॅकेज टाका, किंवा एपीआर आणि एपीआर-युटिल या दोन्हींचे सोर्स उतरवून अपाचेच्या सोर्समधल्या 'एसआरसीलिब' फोल्डरमध्ये ठेवा आणि कॉन्फिगरला 'विथ-इन्क्लुडेड-एपीआर' हा पर्याय द्या. दुसऱ्या उपायात एक खाच आहे. फोल्डरांची नावं नुसती 'एपीआर' आणि 'एपीआर-युटिल' हवीत. टारफाइल (सोर्सचं गाठोडं) उघडल्यावर नावापुढे जो आवृत्तीचा आकडा येतो तो काढून टाकावा लागतो, नाहीतर फोल्डर डोळ्यांसमोर असूनही कॉन्फिगर 'सापडलं नाही' म्हणतं.

त्यानंतर पीसीआरईची पाळी. रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी लागणारी ही लायब्ररी तुमच्या मशीनवर बहुधा आधीच असते, कारण इतर कितीतरी प्रोग्रॅम ती वापरतात. तरीही कॉन्फिगर ती नाही म्हणतं, आणि माणूस चक्रावतो. इथे एक फरक समजून घेतला की पुढचा अर्धा त्रास वाचतो. लायब्ररीचे दोन भाग असतात. एक चालणारा, म्हणजे ज्यात प्रत्यक्ष मशीन कोड आहे. दुसरा हेडर फायलींचा, म्हणजे या लायब्ररीत कोणती फंक्शन आहेत आणि त्यांना काय द्यायचं याची यादी. हॉटेलचं मेनूकार्ड आणि त्याचं स्वयंपाकघर यांच्यासारखंच हे. कंपायलर फक्त मेनूकार्ड वाचून ऑर्डर लिहितो, स्वयंपाकघरात जातो तो लिंकर. नेहमीच्या पॅकेजमध्ये नुसतं स्वयंपाकघर येतं. मेनूकार्डासाठी डेबियन-उबंटूवर नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेलं आणि रेड हॅटच्या कुटुंबात 'डेव्हेल' असलेलं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. पीसीआरईच्या बाबतीत कॉन्फिगर ज्या छोट्या स्क्रिप्टचा शोध घेतं तीही या डेव्ह पॅकेजमध्येच असते.

कॉन्फिगर थांबल्यावर स्क्रीनवर दिसतो तो निकाल. त्यामागचं कारण 'कॉन्फिग डॉट लॉग' या फाइलमध्ये असतं. प्रत्येक तपासणीसाठी कोणता छोटा प्रोग्रॅम कंपाइल करून बघितला आणि कंपायलर त्यावर काय म्हणाला, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. ही फाइल तळापासून वाचू नका. तळाशी सगळ्या व्हेरिएबलची लांबलचक यादी असते. स्क्रीनवर आलेलं वाक्य त्या फाइलमध्ये शोधा आणि त्याच्या लगेच वरचा भाग वाचा. ओपनएसएसएल मशीनवर असूनही 'नाही' आलं, तर असं का झालं ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

खरा धोका एरर देणाऱ्या कॉन्फिगरपासून नाही, गप्प बसणाऱ्या कॉन्फिगरपासून आहे. २.४ मध्ये बरीचशी मॉड्यूल आपोआप निवडली जातात, पण एखाद्याला लागणारी लायब्ररी नसेल तर ते मॉड्यूल मुकाट्याने वगळलं जातं. एसएसएलचं, म्हणजे एचटीटीपीएससाठी लागणारं, मॉड्यूल असंच सुटतं. 'चेकिंग व्हेदर टू एनेबल मॉड एसएसएल' या ओळीपुढे 'नो' आलेलं असतं, पण शेकडो ओळींमध्ये ते कोण बघणार? बांधणी नीट पार पडते, आणि पुढे सेटिंग लिहिताना सर्व्हर म्हणतो की 'एसएसएल-इंजिन' नावाची आज्ञा मला माहीतच नाही. म्हणून जे मॉड्यूल हवंच आहे ते स्पष्ट मागा. 'एनेबल-एसएसएल' असं लिहून दिलं आणि ओपनएसएसएल सापडलं नाही, तर कॉन्फिगर तिथेच थांबून सांगतं.

पहिली एरर वाचा, शेवटची नाही

मेक सुरू झालं की कंपायलर आणि लिंकर बोलायला लागतात. 'मेक: एरर १' आणि 'एरर २' या ओळींमधून काहीच कळत नाही. आतल्या फोल्डरमधलं काम फसलं एवढंच मेक वरच्या फोल्डरला कळवतंय. खरी एरर त्याच्या वर असते, कधी दहा ओळी, कधी दोनशे. सगळं आउटपुट एका फाइलमध्ये साठवा आणि त्यात 'एरर:' हा शब्द वरून खाली शोधा. वेळ वाचावा म्हणून मेकला एकाच वेळी आठ कामं करायला सांगितली असतील तर आउटपुट एकमेकांत मिसळतं. एरर शोधण्यापुरतं एकाच कामावर चालवा.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. एपीआर-युटिल बांधताना 'फेटल एरर: एक्सपॅट डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येते. बोलतोय कंपायलर, आणि त्याला हेडर, म्हणजे मेनूकार्ड, मिळालेलं नाही. एक्सपॅट ही एक्सएमएल वाचणारी लायब्ररी पूर्वी एपीआर-युटिलच्या पोटातच असायची, १.६ पासून ती काढून टाकली. एक्सपॅटचं डेव्ह पॅकेज टाकलं की प्रश्न मिटतो. पण इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी सल्ला दिसतो तो एपीआर-युटिलची जुनी १.५ आवृत्ती वापरण्याचा. त्याने काम चालतं खरं, पण जुन्या एक्सपॅटसकट जुना कोड तुम्ही इंटरनेटवर उघडा ठेवता. हा उपाय करू नका.

याच गोष्टीचं दुसरं रूप लिंकरकडून येतं: 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एक्सएमएल गेट एरर कोड'. आता हेडरचा प्रश्न नाही. कोड कंपाइल झाला, पण त्या फंक्शनचा प्रत्यक्ष कोड लिंकरला कुठे सापडला नाही. एक्सपॅट नसताना बांधलेलं एपीआर-युटिल तसंच पडून असेल तर हे होतं. आधी एक्सपॅट टाका, मग एपीआर-युटिल पुसून नव्याने बांधा, मग अपाचे.

'पुसून' हा शब्द इथे महत्त्वाचा. मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिलं. त्याला निमित्त झालं ते एका सहकाऱ्याची वाया गेलेली सकाळ. तो ज्या बगच्या मागे लागला होता तो दुरुस्त झालेला होता, दुरुस्त केलेली फाइल नव्याने कंपाइल करायची तेवढी राहिली होती. म्हणून मेक फायलींच्या वेळा बघतं: सोर्स नवा असेल तर पुन्हा बांधायचं, नसेल तर सोडून द्यायचं. पण तुम्ही लायब्ररी बदललीत किंवा कॉन्फिगरला वेगळे पर्याय दिलेत, तर सोर्स फाइलची वेळ काही बदलत नाही. मेकच्या दृष्टीने सगळं ताजंच असतं आणि जुने तुकडे नव्या तुकड्यांना जोडले जातात. म्हणून पर्याय बदलले की 'मेक क्लीन', आणि शंका असेल तर सरळ सोर्सचं फोल्डर उडवून टारफाइल पुन्हा उघडायची.

ओपनएसएसएलच्या दोन प्रती मशीनवर असणं हेही ठरलेलं दुखणं. एक डिस्ट्रिब्युशनची, एक कोणीतरी 'यूएसआर लोकल'मध्ये बांधून ठेवलेली. हेडर एकीचे आणि लायब्ररी दुसरीची उचलली गेली की एसएसएलच्या नावाने अनडिफाइन्ड रेफरन्सची रांग लागते. कोणती प्रत वापरायची तो मार्ग कॉन्फिगरला 'विथ-एसएसएल' देऊन ठामपणे सांगा. एररमध्ये 'रीकंपाइल विथ एफपिक' असं आलं, तर तुमचं ओपनएसएसएल शेअर्ड लायब्ररीला जोडता येईल अशा रीतीने बांधलेलं नाही. ते आधी पुन्हा बांधा.

बांधलं, पण सुरू होत नाही

'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' हा लोडरचा आवाज. बांधताना लायब्ररी होती, चालवताना ती शोधायच्या जागांमध्ये नाही. 'एलडीडी' ही आज्ञा एचटीटीपीडीच्या (अपाचेच्या मुख्य प्रोग्रॅमच्या) फाइलवर चालवली की कोणत्या लायब्ररीपुढे 'नॉट फाउंड' आहे ते दिसतं. लायब्ररी 'यूएसआर लोकल लिब'मध्ये असेल आणि मशीन रेड हॅटच्या कुटुंबातलं असेल, तर तो मार्ग लोडरच्या यादीत बहुधा नसतो. तो यादीत घालून 'एलडीकॉन्फिग' चालवा.

लोडर समाधानी झाला की अपाचे आपली सेटिंगची फाइल वाचतं. इथली सर्वात जास्त भेटणारी एरर म्हणजे 'इनव्हॅलिड कमांड', आणि तिच्यापुढे 'पर्हॅप्स मिसस्पेल्ड ऑर डिफाइन्ड बाय अ मॉड्यूल नॉट इन्क्लुडेड'. लोक यातलं पहिलं कारण वाचतात आणि स्पेलिंग तपासत बसतात. खरं कारण जवळजवळ नेहमी दुसरं असतं. अपाचेच्या बहुतेक आज्ञा कुठल्या ना कुठल्या मॉड्यूलच्या मालकीच्या असतात, ते मॉड्यूल चढवलेलं नसेल तर ती आज्ञा सर्व्हरला अनोळखी. सोर्समधून बांधल्यावर मिळणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये रीराइट, एसएसएल अशा मॉड्यूलच्या 'लोडमॉड्यूल' ओळी हॅशचं चिन्ह लावून बंद ठेवलेल्या असतात. चिन्ह काढा. 'एचटीटीपीडी' या आज्ञेला मोठा 'एम' हा पर्याय दिला की चढलेल्या मॉड्यूलची यादी मिळते.

'ऑर्डर', 'अलाउ', 'डिनाय' या आज्ञांवर अडलं तर तुमच्या हातात २.२ च्या काळातली सेटिंग आहे. २.४ मध्ये प्रवेशाचे नियम 'रिक्वायर' या एकाच आज्ञेत आले. जुन्या आज्ञा चालवणारं एक जोड-मॉड्यूल आहे, पण जुने आणि नवे नियम एकत्र ठेवले की कोणाचं ऐकलं जाईल हे सांगणं अवघड होतं. सगळे बदलून टाका. आणि ओळ अगदी बरोबर दिसत असूनही चालत नसेल तर अवतरण चिन्हं बघा. वर्डमधून किंवा चॅटमधून चिकटवलेल्या ओळीत सरळ चिन्हांऐवजी वाकडी चिन्हं आणि दोन छोट्या रेघांऐवजी एक लांब रेघ आलेली असते.

'कॉन्फिगटेस्ट' ही सेटिंग तपासणारी आज्ञा चालवल्यावर 'सिंटॅक्स ओके' आलं की लोक निर्धास्त होतात. ते वाक्य फक्त आज्ञा वाचता आल्या एवढंच सांगतं. पोर्ट (सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो तो) मोकळं आहे का, सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की एकमेकांच्या जोडीचे आहेत का, हे तेव्हा तपासलं जात नाही. ही जोडी चुकली असेल तर सर्व्हर सुरू होताना पडतो, आणि कारण स्क्रीनवर न येता एरर लॉगमध्ये जातं. त्या व्हर्च्युअल होस्टला (एकाच सर्व्हरवरच्या वेगळ्या साइटला) वेगळा लॉग दिलेला असेल तर तिकडे.

'सर्व्हरनेम' लिहिलेलं नाही म्हणून येणारा 'कुड नॉट रिलायबली डिटरमिन' हा मेसेज एरर नाही, सूचना आहे. सर्व्हर दुसऱ्याच कारणाने पडलेला असतो आणि लोक या ओळीच्या मागे लागतात, कारण स्क्रीनवर तेवढीच दिसते.

कंसातला आकडा

लॉगमध्ये काही ओळींच्या आधी कंसात आकडा असतो: (२), (१३), (९८), (१११). हा आकडा दिसला की समजायचं, अपाचेने काहीतरी करायला घेतलं आणि कर्नलने नाही म्हटलं. लिनक्सवर २ म्हणजे फाइल नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, ९८ म्हणजे पत्ता आधीच वापरात आहे, १११ म्हणजे पलीकडे कोणी ऐकत नाही. शेजारी 'एएच' ने सुरू होणारा पाच आकडी क्रमांकही असतो. २.४ पासून लॉगमधल्या संदेशांना असा स्वतंत्र क्रमांक मिळाला. इंटरनेटवर शोधताना पूर्ण ओळ न टाकता हा क्रमांक टाका, कारण पूर्ण ओळीत तुमच्याच फायलींचे मार्ग मिसळलेले असतात.

(९८) आणि सोबत 'कुड नॉट बाइंड' आलं तर ८० किंवा ४४३ पोर्ट कोणीतरी धरून बसलंय. 'एसएस' आज्ञेने कोण ते दिसतं. बहुतेक वेळा तो डिस्ट्रिब्युशनचाच आधीपासून चालणारा अपाचे किंवा एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर असतो. त्याच ठिकाणी (१३) आलं तर आधी बघा, तुम्ही रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून सुरू करताय का? १०२४ च्या खालची पोर्ट साध्या युजरला मिळत नाहीत. रूट असूनही ८०९० सारख्या पोर्टवर (१३) येत असेल तर अडवणारा एसईलिनक्स, म्हणजे लिनक्समधला सुरक्षेचा जादा पहारा, आहे. हे पोर्ट वेब सर्व्हरचं आहे असं त्याला 'सीमॅनेज'ने कळवावं लागतं.

सर्व्हर सुरू झाला, ब्राउझर उघडला आणि ४०३ फॉरबिडन आलं. इथे मात्र घाई करू नका, कारण ४०३ चे चुकीचे उपाय खरोखर महागात पडतात. ब्राउझरमध्ये चेहरा एकच, पण मागे तीन वेगळे पहारेकरी असू शकतात. लॉगमध्ये 'क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन' असेल तर अडवलं खुद्द अपाचेने. ज्या फोल्डरमध्ये साइट आहे त्याच फोल्डरसाठी 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' द्यायचं राहिलंय. 'सर्च परमिशन्स आर मिसिंग ऑन अ कंपोनंट ऑफ द पाथ' असेल तर अडवलं कर्नलने. फाइल वाचायची तर मुळापासून तिच्यापर्यंतच्या प्रत्येक फोल्डरमधून जाण्याचा हक्क लागतो. साइट तुमच्या होम फोल्डरमध्ये ठेवली असेल तर ते फोल्डर इतरांसाठी बंद असणं साहजिक आहे. 'नेमआय' आज्ञा वाटेतल्या प्रत्येक फोल्डरच्या परवानग्या एकाखाली एक दाखवते. परवानगी कोणासाठी बघायची हेही लक्षात असू द्या: सोर्समधून बांधलेला अपाचे 'डीमन' या युजरने चालतो, डेबियनच्या पॅकेजमधला 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या नावाने. परवानग्या सगळ्या बरोबर आणि तरी (१३), तर तिसरा पहारेकरी एसईलिनक्स. फायली दुसरीकडून हलवून आणल्या की त्यांच्यावरचं लेबल जुनंच राहतं. 'रीस्टोरकॉन'ने ते ठीक होतं.

लोक काय करतात? सगळीकडे ७७७ परवानगी, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची मुभा, देतात, एसईलिनक्स बंद करतात आणि मुळाच्या फोल्डरवर असलेलं 'रिक्वायर ऑल डिनाइड' काढून टाकतात. पान दिसायला लागतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपाचे २.४.४९ मधली एक गंभीर त्रुटी बाहेर आली. यूआरएलमध्ये ठरावीक पद्धतीने लिहिलेले टिंबं-तिरक्या रेघा पाठवून साइटच्या फोल्डरबाहेरच्या फायली वाचता येत होत्या. २.४.५० मधली दुरुस्ती अपुरी निघाली आणि पाठोपाठ २.४.५१ आणावी लागली. त्या हल्ल्यात बाहेरच्या फायली वाचवत होती ती हीच 'रिक्वायर ऑल डिनाइड'ची ओळ. कधीतरी ४०३ घालवण्यासाठी ज्यांनी ती काढली होती, त्यांचे सर्व्हर उघडे पडले.

तुम्ही स्वतः बांधलेला सर्व्हर अशा वेळी कोणी आपोआप बदलून देत नाही, नवी आवृत्ती तुम्हालाच बांधावी लागते. पहिल्या वेळी कॉन्फिगरला काय काय पर्याय दिले होते ते आठवत बसू नका. अपाचे ते 'कॉन्फिग डॉट नाइस' या फाइलमध्ये लिहून ठेवतं. ती फाइल नव्या सोर्सच्या फोल्डरमध्ये आणून चालवा, मग मेक, मग मेक इन्स्टॉल. तुमच्या सेटिंगच्या फायलींना मेक इन्स्टॉल हात लावत नाही. त्यानंतर चालू सर्व्हर 'ग्रेसफुल-स्टॉप'ने थांबवून पुन्हा सुरू करा, कारण नुसतं ग्रेसफुल रीस्टार्ट केलं तर सेटिंग नव्याने वाचली जाते, पण मेमरीत मुख्य प्रोग्रॅम जुनाच चालत राहतो.